इम्युनोथेरपी चालू असताना: दुष्परिणाम कसे ओळखायचे, केव्हा कळवायचे, कसे निस्तरायचे

इम्युनोथेरपी, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारे उपचार, सुरू होणार म्हटलं की पेशंट आणि घरचे आधी विचारतात ते केसांबद्दल आणि उलट्यांबद्दल. या औषधांनी सहसा केस जात नाहीत, उलट्यांचा त्रासही केमोच्या मानाने बराच कमी असतो. सलाईनमधून औषध जातं, बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात संपतं आणि पेशंट स्वतःच्या पायांनी घरी जातो. त्यामुळे ‘ही सोपी ट्रीटमेंट’ असा समज चटकन होतो आणि तोच पुढे महागात पडतो. दोन महिन्यांनी जुलाब लागले तर ते या औषधाचे असतील, असं कुणाच्या मनातही येत नाही. पोट बिघडलं म्हणून घरगुती उपाय सुरू होतात आणि हातातले चार दिवस निघून जातात.

हा लेख चेकपॉइंट इन्हिबिटर या गटाच्या औषधांबद्दल आहे: पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, अटेझोलिझुमॅब, दुर्व्हालुमॅब, अ‍ॅव्हेलुमॅब, इपिलिमुमॅब वगैरे. कार-टी सेल उपचारांचे (यात पेशंटच्याच प्रतिकारपेशी बाहेर बदलून परत देतात) त्रास वेगळ्या जातीचे असतात, ते इथे घेतलेले नाहीत. लेखात डोसचे आकडे येतील ते समजण्यासाठी आहेत. तुमच्या पेशंटचा डोस त्याचा डॉक्टरच ठरवणार.

एक गोष्ट पुढे वारंवार येईल: तक्रार लहान असताना कळवली तर बहुतेक वेळा एखादा डोस पुढे ढकलून भागतं. तीच अंगावर काढली तर अ‍ॅडमिट व्हावं लागतं, जास्त ताकदीचं स्टिरॉइड घ्यावं लागतं आणि पुष्कळदा औषध कायमचं बंद करावं लागतं. ‘डॉक्टर औषध बंद करतील’ या भीतीने पेशंट त्रास लपवतात. पण औषध बंद होण्याची वेळ जास्त करून त्या लपवण्यामुळेच येते.

त्रास मुळात होतो का

आपल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, शरीरातल्याच निरोगी पेशींवर तुटून पडू नयेत म्हणून त्यांना निसर्गाने ब्रेक दिलेले आहेत. सीटीएलए-४ हा एक, पीडी-१ हा दुसरा. कॅन्सरच्या पेशी हे ब्रेक दाबून धरतात आणि स्वतःला वाचवतात. ही औषधं तो ब्रेक सोडवतात. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. या गटातलं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झालं.

ब्रेक सुटला की टी-पेशी कॅन्सरवर जातात, पण कधी कधी आतडं, त्वचा, फुप्फुस, थायरॉइड, लिव्हर, क्वचित हृदय यांच्यावरही जातात. म्हणजे त्रास होतो तो औषधाच्या विषारीपणामुळे नव्हे, तर आपल्याच प्रतिकारशक्तीने केलेल्या सुजेमुळे. पुढचं बरंच काही यावरूनच ठरतं. उपाय म्हणून स्टिरॉइड का देतात, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णं आणि गोळ्या स्वतःच्या मनाने का घ्यायच्या नाहीत, आणि औषध थांबवल्यावरही त्रास का येऊ शकतो, या सगळ्याचं मूळ इथे आहे. औषध शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं आणि त्याचा टी-पेशींवरचा परिणाम त्याहूनही लांबतो.

पहिल्या डोसाआधी

त्रास ओळखायचा तर पेशंटचं ‘नेहमीचं’ काय होतं ते माहीत हवं. म्हणून पहिल्या डोसाआधी रक्ताची मोजणी, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, साखर, थायरॉइडच्या टीएसएच आणि टी-४, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही आणि ईसीजी हे रिपोर्ट बहुतेक ठिकाणी करून घेतात. सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराला ताण पेलायला लागणारा हार्मोन) आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं) हेही पुष्कळ डॉक्टर करतात. केले नसतील तर विचारायला हरकत नाही. नंतर छातीत दुखलं आणि ट्रोपोनिन थोडं वाढलेलं निघालं, तर ते आधीपासूनच तसं होतं की आता वाढलं, हे जुना रिपोर्ट असल्याशिवाय ठरवता येत नाही.

घरच्या पातळीवर तीन आकडे लिहून ठेवा: वजन, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर शांत बसल्यावर दिसणारा ऑक्सिजन, आणि दिवसातून शौचाला किती वेळा होते. शेवटचा आकडा लिहायला संकोच वाटतो, पण पुढे उपयोग जास्त त्याचाच होतो.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी: पूर्वी संधिवात, सोरायसिस, ल्युपस, आतड्यांची सूज (कोलायटिस), मायस्थेनिया (स्नायू चटकन थकण्याचा आजार) यांपैकी काही झालं आहे का, कोणता अवयव बदलून बसवला आहे का, क्षयरोग कधी झाला होता का, चालू असलेली सगळी औषधं, त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि दुकानातून आपण होऊन आणलेलीही आली. ‘ते तर नुसतं टॉनिक आहे’ म्हणून वगळू नका.

शेवटचं काम म्हणजे कार्ड. बहुतेक उपचार केंद्रं पेशंटला इम्युनोथेरपीचं छोटं कार्ड देतात. ते मिळालं नाही तर कागदावर स्वतः लिहा: औषधाचं नाव, कुठला कॅन्सर, पहिल्या आणि शेवटच्या डोसाची तारीख, ऑन्कोलॉजिस्टचं (कॅन्सरच्या डॉक्टरांचं) नाव, दिवसाचा आणि रात्रीचा फोन नंबर. हे कार्ड पेशंटच्या पाकिटात राहू द्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. रात्री दोनला फोन कोणी करायचा, हेही आत्ताच ठरवून टाका.

रोजची दोन मिनिटांची नोंद

अ‍ॅप असेल तर अ‍ॅप, नाहीतर साधी वही चालेल. नोंद लांबलचक नको. नमुना म्हणून एक:

‘मंगळवार. दुसऱ्या डोसानंतरचा १६ वा दिवस. वजन ६१.४. ताप नाही. शौच ५ वेळा, एरवी १. पातळ, रक्त नाही, पोटात मुरडा. खोकला नाही. ऑक्सिजन ९७. दंडावर खाज, झोपमोड नाही. जिना चढताना दम नेहमीइतकाच.’

ही नोंद वाचून डॉक्टर फोनवरही निर्णय घेऊ शकतात. ‘थोडं पोट बिघडलंय’ यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही.

केव्हा काय होतं

साधारण क्रम असा दिसतो: त्वचेचे त्रास लवकर, पहिल्या काही आठवड्यांत. जुलाब आणि लिव्हरच्या तक्रारी त्यानंतर, दीड ते तीन महिन्यांच्या आसपास. थायरॉइड, पिट्युटरी (मेंदूखालची, बाकीच्या हार्मोनवर ताबा ठेवणारी ग्रंथी) आणि फुप्फुस यांचे त्रास बहुधा दोन-तीन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा. हृदयाचा त्रास दुर्मीळ आहे, पण आला तर बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच येतो, कधी पहिल्याच डोसानंतर. हे वेळापत्रक सगळे पेशंट पाळत नाहीत. वर्षभर काहीच झालं नाही आणि मग जुलाब सुरू झाले, असंही होतं.

एकट्या पीडी-१ गटाच्या औषधापेक्षा इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब एकत्र दिल्यावर त्रास बराच जास्त. मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) मोठ्या अभ्यासात या जोडीवरच्या अर्ध्याहून अधिक पेशंटना गंभीर स्वरूपाचा काही ना काही त्रास झाला होता. जोडी चालू असेल तर घरच्यांनी पहिले तीन-चार महिने जास्त सावध राहावं. इम्युनोथेरपीबरोबर केमोही चालू असेल तर एक नियम वेगळा: ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला की सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं. केमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना आलेला ताप थांबून पाहण्यासारखा नसतो.

डॉक्टर ‘ग्रेड’ म्हणतात ते काय

त्रासाची तीव्रता १ ते ४ ग्रेडमध्ये मोजतात. ग्रेड १ म्हणजे सौम्य: लक्ष ठेवायचं, उपचार बहुधा चालूच. ग्रेड २ ला रोजच्या कामात अडथळा येतो. डोस थांबवतात आणि गरजेप्रमाणे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड साधारण ०.५ ते १ मिलिग्रॅम दर किलो वजनामागे देतात. ग्रेड ३ ला अ‍ॅडमिट करण्याची वेळ येते आणि स्टिरॉइड १ ते २ मिलिग्रॅम दर किलो, पुष्कळदा शिरेतून. ग्रेड ४ जिवावरचं, आणि तिथे औषध बहुधा कायमचं बंद. हार्मोनचे त्रास या चौकटीत बसत नाहीत, ते पुढे येतील. हृदय, मज्जासंस्था आणि फुप्फुस यांच्या बाबतीत डॉक्टर सुरुवातीलाच कडक पावलं उचलतात.

जुलाब

घरी सगळ्यात जास्त चुकीचं हाताळलं जातं ते हेच, म्हणून थोडं सविस्तर.

मोजायचं ते नेहमीपेक्षा किती जास्त वेळा, एकूण किती वेळा नव्हे. नेहमीपेक्षा चारहून कमी वेळा जास्त म्हणजे ग्रेड १, चार ते सहा वेळा जास्त म्हणजे ग्रेड २, सात किंवा त्याहून जास्त म्हणजे ग्रेड ३. वरच्या नोंदीतला पेशंट एरवी एकदा जातो आणि आज पाचदा गेला. म्हणजे चार वेळा जास्त, ग्रेड २. त्याला बरं वाटतंय, जेवणही जातंय, तरी फोन आजच व्हायला हवा. रक्त किंवा आव पडत असेल, पोटात सतत दुखत असेल, ताप असेल किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, तर आकडा कितीही असो, त्याच दिवशी दाखवायचं.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. शौचाची वारंवारता तेवढी कमी होते, आतली सूज तशीच वाढत राहते आणि आपण मात्र बरं झालो समजतो. आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल गेलेल्या केसेसमध्ये आधीचे दिवस असेच गेलेले असतात. घरात पडलेली अँटिबायोटिकची उरलेली पट्टीही काढायची नाही. डॉक्टर आधी शौचाची तपासणी करून जंतुसंसर्ग आहे का पाहतील, त्यात सी. डिफिसाइल या जिवाणूची चाचणीही असते. गरज वाटल्यास दुर्बिणीने आतडं पाहून तुकडा काढतील.

तोवर घरी करायचं ते इतकंच: ओआरएस घोट-घोट घेत राहायचं, लघवीचा रंग आणि प्रमाण बघायचं, तिखट, तेलकट आणि दुधाचं थोडे दिवस टाळायचं. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा लघवी फार कमी झाली असेल तर सलाईन लागणार, घरी थांबू नये.

चांगल्या डोसचं स्टिरॉइड सुरू करूनही तीन ते पाच दिवसांत फरक पडला नाही, तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब ही सूज दाबणारी दुसरी औषधं देतात. इन्फ्लिक्सिमॅबआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी लागते. त्या रिपोर्टसाठी नंतर खोळंबा होऊ नये म्हणून स्टिरॉइड सुरू करतानाच नमुना पाठवतील का, असं विचारून घ्या.

त्वचा

पुरळ आणि खाज हे बहुधा पहिले पाहुणे. अंगाच्या दहाव्या भागापेक्षा कमी जागेवर असेल तर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, कोमट पाणी, सौम्य साबण, उन्हापासून जपणं आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम यांवर भागतं. रोज मोबाइलने त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढा. वाढतंय की ओसरतंय ते कळतं. मेलॅनोमाच्या पेशंटना कोडासारखे पांढरे डाग येऊ शकतात. ते अपायकारक नसतात, पण सहसा जात नाहीत.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना: फोड येणं, कातडी सोलवटणं, तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर चट्टे पडणं, त्वचा दुखरी होणं, सोबत ताप. हे त्याच क्षणी इमर्जन्सीत दाखवायचं.

खोकला आणि दम

कोरडा खोकला, चालताना नव्याने लागणारा दम, छातीत भरल्यासारखं वाटणं. फुप्फुसाच्या सुजेला न्युमोनायटिस म्हणतात. अडचण अशी की फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट आधीच खोकत असतो आणि ताप नसल्याने सर्दी-खोकला समजून खोकल्याचं औषध सुरू होतं. म्हणून तुलना कालच्या पेशंटशी करा: जो जिना मागच्या आठवड्यात एका दमात चढला, तो आज मध्ये थांबून चढतोय का? ऑक्सिजन नेहमीपेक्षा तीन-चार अंकांनी घसरला तर लगेच कळवा, ९२ च्या खाली गेला तर थेट इमर्जन्सी. ज्यांचा आकडा आधीच कमी असतो त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. चालून आल्यावरही एकदा मोजा, बसल्या जागी ठीक असलेला आकडा चालल्यावर उतरतो. निदानाला छातीचा सीटी स्कॅन लागतो, नुसत्या एक्स-रेवर सौम्य सूज सुटून जाऊ शकते.

थकवा आणि हार्मोन

थकवा जवळपास सगळ्यांनाच येतो आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. कॅन्सर आहे, वय आहे, झोप नाही, कारणं पुरेशी असतात. पण या औषधांवर असताना वाढता थकवा हे हार्मोन बिघडल्याचं पहिलं, पुष्कळदा एकमेव लक्षण असतं.

थायरॉइड सगळ्यात जास्त बिघडते. आधी काही आठवडे ती जास्त काम करते: छातीत धडधड, घाम, हात थरथरणं, वजन उतरणं. मग ती थंडावते: सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावर सूज. पहिल्या टप्प्यात धडधडीची गोळी देऊन थांबतात, दुसऱ्यात रोजची थायरॉक्सिनची गोळी सुरू होते, ती बहुधा आयुष्यभराची. पण इम्युनोथेरपी त्यामुळे सहसा थांबत नाही. हे पेशंटला आधी सांगितलं तर त्याचा अर्धा ताण उतरतो.

पिट्युटरीची सूज जास्त फसवी आहे. डोकेदुखी, प्रचंड थकवा, भूक मेलेली, उभं राहिल्यावर चक्कर, बीपी कमी, रक्तात सोडियम कमी. शरीर कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं. इथे त्याच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या रोज लागतात, बहुधा कायमच्या. दोन नियम घरच्यांना पाठ हवेत. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन; उलट केलं तर पेशंट कोसळू शकतो. आणि ताप, जंतुसंसर्ग किंवा ऑपरेशन अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवावा लागतो, साधारण दुप्पट-तिप्पट. किती आणि किती दिवस ते डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन लागतं, त्यासाठी हॉस्पिटल गाठायचं. अशा पेशंटच्या कार्डावर ‘कॉर्टिसॉलची कमतरता’ हे शब्द ठळक लिहा.

मधुमेहाचा प्रकार क्वचित दिसतो, पण तो काही दिवसांत उफाळतो. एकाएकी खूप तहान, सारखी लघवी, वजन झपाट्याने उतरणं, मग उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास. आधी मधुमेह नव्हता हे कारण देऊन थांबू नका, साखर लगेच तपासा. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. त्या स्टिरॉइडने परत येत नाहीत, इन्सुलिन कायमचं लागतं.

लिव्हर आणि किडनी

इथे लक्षणं उशिरा येतात, रिपोर्ट आधी बोलतात. म्हणून प्रत्येक डोसाआधीची रक्ततपासणी चुकवायची नाही आणि रिपोर्ट बघितल्याशिवाय डोस घ्यायचा नाही. डोळे पिवळे होणं, गडद लघवी, उजव्या कुशीत दुखणं, अंगावर सहज काळंनिळं होणं दिसलं तर त्याच दिवशी फोन. लिव्हरची सूज स्टिरॉइडला दाद देत नसेल तर मायकोफिनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात, इन्फ्लिक्सिमॅब मात्र टाळतात. किडनीच्या काळजीत पेनकिलरचा मुद्दा महत्त्वाचा: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या न विचारता घ्यायच्या नाहीत. अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती खरंच हवी का, तेही विचारा.

हृदय, स्नायू, नसा

हे सगळं मिळून क्वचितच होतं. तरीही माझा आग्रह आहे की हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा, कारण इथे तासांचा हिशेब असतो. हृदयाच्या स्नायूला सूज आली तर मृत्यूचा धोका मोठा असतो.

छातीत दुखणं, धडधड, चक्कर येऊन पडणं, आडवं झाल्यावर दम लागणं, पायांवर सूज ही लक्षणं सगळ्यांना कळतात. न कळणारी अशी: पापणी खाली उतरणं, एकाचे दोन दिसणं, आवाज बदलणं, घास गिळताना अडकणं, मान धरता न येणं, मांड्या-खांदे दुखून खुर्चीतून उठायला त्रास. यातून स्नायूंची सूज किंवा मायस्थेनिया दिसतो आणि त्यांच्यासोबत हृदयाचा त्रास एकाच वेळी असू शकतो. म्हणून पापणी उतरलेली दिसली तरी ईसीजी आणि ट्रोपोनिन करून घ्यायला सांगा. डोळ्यांचा नंबर बदलला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात जाणं इथे घातक ठरू शकतं.

पायांपासून वर चढत जाणारी मुंग्यांसारखी जाणीव आणि कमजोरी, एकाएकी गोंधळल्यासारखं बोलणं, फिट येणं, मान ताठ होऊन ताप, डोळा लाल होऊन दुखणं आणि धूसर दिसणं यांनाही थांबायला जागा नाही.

सांधे दुखणं, सकाळी बोटं आखडणं, तोंड आणि डोळे कोरडे पडणं हे मात्र जिवावरचं नसतं. पण महिनोन्‌महिने रेंगाळतं आणि रोजचं जगणं अवघड करतं, म्हणून पुढच्या भेटीत आवर्जून सांगा. संधिवाताच्या डॉक्टरांची मदत यात खूप होते.

इमर्जन्सीत काय बोलायचं

रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांनी तुमचा पेशंट आधी पाहिलेला नसतो. ‘कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे’ म्हटलं की समोरचे केमो समजतात आणि विचार त्या दिशेने जातो. म्हणून पहिल्या दोन-तीन वाक्यांत हे यायला हवं:

“डॉक्टर, माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. पेम्ब्रोलिझुमॅब चालू आहे, ही इम्युनोथेरपी आहे, केमो नाही. शेवटचा डोस १९ दिवसांपूर्वी झाला. कालपासून दम लागतोय, ऑक्सिजन ९७ वरून ९१ वर आलाय. औषधामुळे फुप्फुसाला सूज आली असेल का ते बघाल का? हे कार्ड, हा आमच्या ऑन्कोलॉजिस्टचा नंबर. एकदा त्यांच्याशी बोलून घ्या, प्लीज.”

सुरात आदर ठेवा, पण शेवटच्या वाक्यावरून मागे हटू नका. उपचार संपून सहा महिने झाले असतील तरीही हेच सांगायचं, फक्त तारीख बदलून.

स्टिरॉइड चालू झाल्यावर

स्टिरॉइडने इम्युनोथेरपीचा परिणाम पुसून जाईल, ही भीती बहुतेकांना असते. दुष्परिणामासाठी दिलेल्या स्टिरॉइडने मिळालेला फायदा सहसा वाया जात नाही, असाच आजवरचा अनुभव आहे. न घेण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

खरी परीक्षा डोस कमी करताना असते. साधारण चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त काळ लावून तो उतरवतात. ६० किलोच्या पेशंटला ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि त्रास आटोक्यात आला, तर दर आठवड्याला १० ने उतरवत ६०, ५०, ४०, ३०, २०, १० असा तक्ता होऊ शकतो. तक्ता डॉक्टरांकडून तारखांसकट लिहून घ्या आणि औषधांच्या डब्याशेजारी चिकटवा. तोंडी ऐकलेला तक्ता दुसऱ्या आठवड्यात घोळ घालतो. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही: एक तर सूज उलटते आणि दुसरं म्हणजे शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं. उतरवताना जुलाब किंवा दम परत आला तर स्वतः डोस न वाढवता फोन करा.

गोळी सकाळी, काही खाऊन घ्या. संध्याकाळी घेतल्यास झोप उडते. साखर घरी मोजत राहा, आधी मधुमेह नसला तरी. तोंडात पांढरे चट्टे आले तर बुरशी असू शकते. चिडचिड, अस्वस्थता, उगाच रडू येणं हे औषधामुळे होतं, हे पेशंटला आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना सांगून ठेवा. २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन चार आठवडे किंवा जास्त चालणार असेल, तर न्युमोसिस्टिस या फुप्फुसाच्या संसर्गापासून बचावासाठी बहुधा को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फा असलेलं अँटिबायोटिक देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, पोटासाठी संरक्षण देणारी गोळी, हेही विचारून घ्या.

लस, गर्भधारणा

फ्लूसारख्या निर्जीव लसी घेता येतात, घ्याव्यात. जिवंत लसी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत, स्टिरॉइड चालू असताना तर नाहीतच. उपचार चालू असताना आणि नंतरही काही महिने गर्भधारणा टाळावी लागते: पेम्ब्रोलिझुमॅबनंतर चार महिने, निवोलुमॅबनंतर पाच.

पुन्हा सुरू करायचं का

त्रास ग्रेड १ पर्यंत उतरला आणि प्रेडनिसोलोन दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा त्याखाली आलं की पुन्हा सुरू करण्याचा विचार होतो. हृदय, गंभीर मज्जासंस्था आणि जिवावर बेतलेले इतर त्रास झाले असतील तर बहुधा नाही. जोडीवर जुलाब लागले असतील तर इपिलिमुमॅब सोडून एकटं निवोलुमॅब पुढे चालवण्याचा पर्याय असतो. औषध मध्येच थांबलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. त्रासामुळे उपचार लवकर थांबलेल्या कित्येक पेशंटमध्ये कॅन्सर नंतरही दीर्घकाळ आटोक्यात राहिलेला आहे. हा निर्णय घेताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: आत्ता कॅन्सरची स्थिती काय आहे, हाच त्रास परत येण्याची शक्यता किती, आणि थांबलो तर पुढचा पर्याय कोणता.

शेवटच्या डोसानंतर

कार्ड फेकून देऊ नका. शेवटच्या डोसानंतर निदान वर्षभर ते पाकिटात राहू द्या, डॉक्टर सांगतील तर त्याहून जास्त. थायरॉइड, साखर आणि लिव्हरच्या तपासण्या किती दिवसांनी करायच्या, ते शेवटच्या भेटीत लिहून घ्या. दाताचे डॉक्टर असोत, डोळ्यांचे किंवा नेहमीचे फॅमिली डॉक्टर, नवीन तक्रार घेऊन जाल तिथे ‘मी इम्युनोथेरपी घेतलेली आहे’ हे आपण होऊन सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका.